अनगावपर्यंत नेणाऱ्या बाई

दोन वर्षांपूर्वीचा सोळा डिसेंबर, संध्याकाळ. रक्कम चाळीस हजार रुपये, ठाण्याच्या हॉस्पिटलात आदल्या दिवशी भरलेला ॲडव्हान्स. जागा भिवंडीजवळच्या कोन गावातलं आमचं घर. हजर माणसं: माझे वडील, आई, धाकटा भाऊ, मी आणि भूल देणाऱ्या डॉक्टर बाई. बाईंना आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. वडिलांच्या उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात गाठ निघाली होती आणि तीन दिवसांनी ऑपरेशन होतं. बाई आल्या, बसल्या, चहा नको म्हणाल्या, वडिलांना तपासलं आणि म्हणाल्या, "एकोणीसला होणार नाही. तीन आठवडे थांबायचं. सर्जनना मी कळवते."

मी विचारलं, "भरलेल्या पैशांचं काय?"

"ते तिथेच राहतील. त्यांना काही होत नाही," बाई म्हणाल्या. "मला यांची काळजी आहे."

भाऊ तापट आहे. तो म्हणाला, "मॅडम, गाठ आहे ती. ती थांबणार आहे का तुमच्यासाठी?"

"गाठीचं सर्जन बघतात. त्यांच्याशी बोलूनच आले आहे. तीन आठवड्यांनी गाठीच्या बाजूने फार फरक पडत नाही, यांच्या बाजूने पडतो." मग त्या वडिलांकडे वळल्या. "बिडी कधी ओढली?"

वडील म्हणाले, "सोडली ना. महिना झाला."

बाईंनी त्यांचा उजवा हात हातात घेतला, दोन बोटं नाकाशी नेली आणि खाली ठेवली. आई म्हणाली, "सकाळीच शेडमागं उभं राहून ओढली. माझ्या डोळ्यांनी बघितली." वडील आईकडे असे बघत राहिले, जणू घरात फितुरी झाली होती.

भिवंडीत या बाईंना सगळे 'भूलवाल्या बाई' म्हणत. साठीच्या आसपासच्या, उंच, काटक. नऊवारी नाही, पण पाचवारी साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि पायात कॅनव्हासचे बूट. स्कूटरच्या पुढच्या जागेत एक फुगलेली रेक्झिनची पिशवी. पिशवीत कानाला लावायची नळी, रक्तदाबाचं यंत्र आणि शेंगदाणे-गुळाचा डबा. बरीच वर्षं मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात काढून त्या इथे राहायला आल्या होत्या. इथल्या लहान नर्सिंग होममध्ये सिझेरियन, हर्निया, हाडं असं सगळं त्या करत. छातीच्या ऑपरेशनसाठी मात्र ठाण्याहून मुद्दाम त्यांनाच बोलावणं येई. म्हातारा पेशंट असेल तर त्या आधी त्याच्या घरी जात. बाकी कुठला भूलतज्ज्ञ पेशंटच्या घरी गेल्याचं मी ऐकलेलं नाही. हॉस्पिटलात माणूस पेशंट होऊन बसतो, घरी तो कसा उठतो-बसतो ते दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

नातेवाइकांशी त्या आधी बोलतच नसत. पेशंटने तोंड उघडल्याशिवाय मुलगा, सून, जावई कोणी काही सांगू लागलं तर हात वर करत. "ज्याचं शरीर, त्याचा पहिला नंबर." पुढे एकदा नर्सिंग होममध्ये एका लूम कामगाराला त्या तपासत असताना मी बाकावर होतो. गोरखपूरकडचा म्हातारा. त्याचा पुतण्या सांगत होता, चाचा बीडी पीते ही नहीं. बाई म्हाताऱ्याला म्हणाल्या, "चाचा, मुझसे झूठ बोल लो, कोई बात नहीं. फेफड़ा मेरे सामने टेबल पर बोलेगा." चाचांनी लुंगीच्या गाठीतून बंडल काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं.

मी गोदामात हिशेब बघतो. मला आकडा लागतो. त्या पहिल्या संध्याकाळी मी त्यांना दाराशी गाठून विचारलं, "बाई, यातून उठण्याचे चान्स किती टक्के?"

त्या थांबल्या. प्रश्न त्यांना आवडला असावा, कारण उत्तर नीट दिलं. "टक्के शंभर माणसांना लागू होतात. शंभर माणसं आणलीत तर सांगते. हे एकटे आहेत. यांना एक तर होईल, नाही तर नाही होणार. आपल्या हातात एवढंच की टेबलावर जाताना हे आजच्यापेक्षा बरे असावेत."

हे उत्तर ऐकून भाऊ वैतागला. मला ते बरोबर वाटलं. चुकीच्या जागी लावलेला आकडा हा आकडा नसल्यापेक्षा वाईट, हे मी रोज बघतो.

वडिलांना मरणाची भीती नव्हती. ते तसं बोलून दाखवत. भीती दुसरी होती. त्यांचे थोरले भाऊ, आमचे आबा, मांडीचं हाड मोडून ऑपरेशनला गेले आणि जिवंत परत आले. पण आले ते दुसरेच कोणी. दिवसभर दाराशी बसून "मना घरी न्या" म्हणत, आणि घर तर तेच होतं. दीड वर्ष वडिलांनी त्यांना जेवायला बसवलं, हाताला धरून मोरीत नेलं. त्यामुळे बाईंनी "तुम्हाला काही विचारायचंय का?" म्हटल्यावर वडील म्हणाले, "एकच हाय. मना उठवाल तवा मीच उठलो पायजे. दुसरा उठणार असंल तर उठवू नका."

आई म्हणाली, "काय बोलता."

बाईंनी मात्र मान डोलावली. "बरोबर बोलताय. त्यासाठीच तीन आठवडे मागितलेत."

त्याच संध्याकाळी त्यांनी आमच्या घराचा एक शोध लावला. आमच्या घरामागे लूमची शेड आहे. वडिलांची आठ लूम होती, आता चार चालतात. कापसाची फुगी, बारीक तंतू, दारापर्यंत उडत येते म्हणून बाईंनी मध्येच मास्क लावला. मास्क लावूनच त्यांनी वडिलांना विचारलं, "रात्री झोप कशी लागते?" वडील म्हणाले, "पोरं दोन. हा थोरला." आम्हाला वाटलं, ते आपल्या तंद्रीत आहेत. बाईंनी मास्क खाली केला आणि तेच, त्याच आवाजात विचारलं. वडील म्हणाले, "झोप चांगली लागते. पहाटे खोकला येतो." पुन्हा मास्क वर. "भूक लागते का?" वडील म्हणाले, "हो, दोघांची लग्नं झाली."

बाई आमच्याकडे वळल्या. "यांना ऐकू येत नाही."

"येतं हो," आम्ही तिघं एकदम म्हणालो, आणि तेही ओरडूनच. आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलतात. आठ लूम चालू असताना हळू बोलून कोणाचं पोट भरणार? वडील आयुष्यभर शेडमध्ये समोरच्याचे ओठ बघून बोलले. घरात येऊनही ओठच बघत राहिले. त्यांचे कान कधी गेले हे कोणाला कळलंच नाही, कदाचित त्यांनाही नाही.

"ऑपरेशन थिएटरात आणि शुद्धीवर आणतो त्या खोलीत सगळे मास्क लावलेले असतात," बाई म्हणाल्या. "हे उठतील आणि कोणाचंच तोंड दिसणार नाही. चांगला माणूससुद्धा घाबरून हात-पाय झाडेल. मग लोक म्हणणार, म्हातारा भ्रमात गेला. भ्रम असा पण येतो."

भाऊ म्हणाला, "मशीन आणतो कानाचं."

"मशीन माझ्या बापानंबी लावलं न्हाय," वडील म्हणाले. भावाचे ओठ त्यांनी पाहिले होते.

बाईंनी वाद घातला नाही. "शेड दाखवा," म्हणाल्या. शेडमध्ये लूम चालू होती. वडिलांनी तिथल्या कामगाराला लांबून मूठ खाली ओढल्यासारखी खूण केली, त्याने लूम बंद केलं. बाई वडिलांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि बोटांनी विचारलं, आणखी कोणत्या खुणा? वडिलांना असं कोणी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी दाखवल्या. मूठ वर उचलली की चालू कर. दोन्ही तर्जनी एकमेकींना लावून झटक्यात वेगळ्या केल्या की तार तुटली, आणि मग जिथे तुटली तिकडे बोट. हाताची कांडी करून उलटी केली की बाना, म्हणजे आडवा धागा, संपला. बाई एकेक खूण करून बघत होत्या. मूठ चुकीची धरली तर वडील हसत, नीट करून दाखवत. शेवटी बाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, "हे पुरे आहे."

ऑपरेशन कसं होणार हे त्यांनी शेडच्या दारातच सांगितलं. "दोन लूम आहेत असं समजा. उजवं बंद करायचं, म्हणजे सर्जनला काम करता येईल. तेवढा वेळ सगळा माल डाव्यावर काढायचा. डावं धड नसेल तर मी उजवं बंद करू शकत नाही." वडिलांना पटलं. त्या दिवसापासून बिडी बंद झाली. माझ्या किंवा भावाच्या सांगण्याने ती चाळीस वर्षांत झाली नव्हती.

तीन आठवडे बाईंनी आमच्या घरावर राज्य केलं. सकाळ-संध्याकाळ कल्याण रोडच्या कडेकडेने चालणं, आणि चालताना बोलणं. बोलता बोलता दम लागला तर थांबायचं, पण परत फिरायचं नाही. जेवणात दोन अंडी. रक्त कमी होतं, त्याची इंजेक्शनं. आणि ते तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र, नळीतून श्वास आत ओढला की चेंडू वर जातात. वडिलांना ते पोरखेळ वाटलं. दोन दिवस हातच लावला नाही. मग आईने भांडी घासता घासता सहज ओढून बघितलं आणि तिचे तिन्ही चेंडू वर गेले. वडिलांचा एकच जात होता. त्यानंतर यंत्र त्यांच्या हातातून सुटेना. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "किती गेले?" ते म्हणायचे, "तुझं काम कर."

बाई दोनदा आल्या, न सांगता. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा वडील रस्त्यावर चालत होते. बाईंनी स्कूटर हळू करून त्यांच्या बाजूने बराच वेळ चालवली आणि त्यांच्याशी भांडण उकरून काढलं, भेंडीच्या भाजीवरून. वडील चालता चालता भांडत होते. घरी आल्यावर बाई म्हणाल्या, "आता भांडता येतंय. घेऊ."

आदल्या रात्री झोपेची गोळी द्यायची नाही, हे त्यांनी हॉस्पिटलला आधीच बजावलं होतं. "म्हाताऱ्या माणसाला गोळीने झोपवलं की तो सकाळी उठतो, पण सगळा उठत नाही." चष्मा, कवळी, हातातलं घड्याळ बहुतेक ठिकाणी नातेवाइकांच्या हाती देतात आणि वॉर्डात आल्यावर कोणाला सापडत नाही. बाई ते सगळं एका पिशवीत घालून स्वतःजवळ ठेवत आणि माणूस डोळे उघडतो तेव्हाच परत चढवत. शिवाय शुद्धीवर आणण्याच्या खोलीत मी उभा राहणार, आणि मास्क खाली करून, असं त्यांनी ठरवून टाकलं. तिथल्या मुख्य सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडे असं चालत नाही." बाई म्हणाल्या, "आजपासून चालवा. काही झालं तर माझं नाव लिहा."

आता अनगावचं सांगतो, कारण भिवंडीत बाई त्यासाठीच प्रसिद्ध होत्या.

भूल देताना बाकीचे डॉक्टर आकडे मोजायला सांगतात. बाई सांगत, "भिवंडीच्या स्टँडवर वज्रेश्वरीची एसटी धरलीय. कुठून कुठून जाते, सांगा." माणूस सुरू करी. नदीनाका, शेलार, कवाड... आणि तेवढ्यात झोपी जाई. तो कुठे थांबला ते बाईंच्या लक्षात राही. शुद्धीवर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "कुठवर आलो होतो?" माणसाने पुढचा थांबा सांगितला की त्या समाधानाने उठत. या प्रकारामुळे गावात लोकांची ओळखच होऊन बसली. कोणी शेलारला झोपलेला, कोणी कवाडला. आमच्या शेजारच्या काकू अभिमानाने सांगत की त्या अनगावपर्यंत गेल्या होत्या. अनगावच्या पुढे कोणी गेल्याचं ऐकिवात नाही. उत्तर प्रदेशातल्या कामगारांना त्या गावाकडच्या गाडीची स्टेशनं विचारत. ते ठाण्याच्या पुढे सरकत नसत.

वडिलांच्या वेळी मी बाहेर होतो, पण बाईंनी नंतर सांगितलं. त्या त्यांच्या समोर लांब उभ्या राहिल्या, मास्क खाली केला आणि एसटीचं विचारलं. वडील म्हणाले, "एसटीनं कोण जातो? मी फटफटीनं जातो." आणि भराभर नावं घ्यायला लागले, इतक्या भराभर की बाईंनी घाईने मूठ वर करून खूण केली, चालू कर. मदतनिसाने औषध सोडलं. वडील अनगावला झोपले.

ऑपरेशन दुपारपर्यंत चाललं. एक फुफ्फुस बंद ठेवून दुसऱ्यावर सगळा श्वास. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, गाठ पूर्ण निघाली, आता पुढचं तुमच्या बाईंच्या हातात. पाठीच्या कण्याजवळ बाईंनी केसासारखी बारीक नळी बसवली होती, तिच्यातून दुखणं थांबवायचं औषध सतत जात होतं. ती नळी त्यांना सगळ्यात महत्त्वाची. "दुखलं की माणूस खोकत नाही. खोकला नाही की कफ साचतो. साचला की न्यूमोनिया. या वयात तोच मारतो, सुरी नाही."

वडिलांना शुद्धीवरच्या खोलीत आणलं. चष्मा चढवला, घड्याळ बांधलं. बाईंनी नाडी बघितली, पण ते पुरते जागे व्हायच्या आत पलीकडून दुसऱ्या पेशंटसाठी फोन आला म्हणून त्या थिएटरात गेल्या. मी मास्क खाली करून पायथ्याशी उभा होतो. थोड्या वेळाने वडिलांनी डोळे मोठे केले, कपाळाला घाम. आवाज फुटत नव्हता, घसा बसलेला. त्यांनी दोन्ही हात वर उचलले, तर्जन्या जुळवल्या आणि झटक्यात वेगळ्या केल्या. पुन्हा तेच. मग हात मागे नेऊ लागले.

सिस्टर धावली. "काका, नळ्या ओढू नका." तिने मला विचारलं, "हे काय करतायत?"

मला ती खूण लहानपणापासून माहीत. मी म्हणालो, "तार तुटली म्हणतायत. ते लूमवर आहेत असं समजतायत."

डोळ्यांपुढे आबा आले, दाराशी बसून घरी न्या म्हणणारे. सिस्टर म्हणाली, "म्हातारे लोक असं करतात. हात बांधूया थोडा वेळ, डॉक्टरना विचारून इंजेक्शन देते, शांत होतील." मी मान डोलावली. ती पट्ट्या आणायला वळली. वडील माझ्याकडे बघत होते, आणि परत तेच, तर्जन्या जुळवायच्या, तोडायच्या, हात पाठीमागे.

बाई दारातून आल्या. सिस्टरच्या हातातल्या पट्ट्या बघितल्या. "हे कशाला?"

"मॅडम, कन्फ्युज्ड आहेत. लूम चालवतायत."

"हात बांधायचे नाहीत. हात बांधले तर हे बोलणार कशाने?" बाई वडिलांच्या समोर आल्या, मास्क खाली केला. "कुठवर आलो होतो?"

वडिलांचे ओठ हलले. बाईंनी कान जवळ नेला. मग आम्हाला ऐकू येईल असं मोठ्याने म्हणाल्या, "अनगाव. पुढे दुगाड फाटा." मग वडिलांना म्हणाल्या, "बरोबर." आणि स्वतःच्या तर्जन्या जुळवून तोडल्या आणि भुवया उंचावून विचारलं, कुठे?

वडिलांनी अंगठ्याने पाठ दाखवली.

"लूमवर नाहीत हे, इथेच आहेत," बाई म्हणाल्या. "चादर बघा."

सिस्टरने वडिलांना अलगद कुशीवर केलं. पाठीखाली चादर ओली होती. ती बारीक नळी जोडातून सुटली होती आणि औषध पाठीत जायच्या ऐवजी गादीत जात होतं. तार तुटली होती. ते जे होतं तेच सांगत होते, त्यांच्याकडे जे शब्द होते त्यांत.

बाईंनी नळीचं टोक पुसलं, थोडं कापून टाकलं आणि नवा जोड लावला. थोड्या वेळात वडिलांचं कपाळ सैल झालं. बाईंनी त्यांच्या छातीशी उशी दिली, उशी घट्ट धरून दाखवली आणि म्हणाल्या, "आता खोका." वडील खोकले. "हे काय? आईसाहेबांचे तीन चेंडू गेले होते." वडील पुन्हा खोकले, या वेळी असे की पलीकडच्या खाटेवरचा माणूस जागा झाला.

त्याच संध्याकाळी त्यांना खुर्चीत बसवलं, दुसऱ्या दिवशी चालवलं, छातीतली नळी आणि बाटली हातात घेऊन. सगळं सरळ झालं असं नाही. हवा झिरपत राहिली आणि ती नळी ठरल्यापेक्षा बरेच दिवस राहिली. वडील कंटाळले, भाऊ तर सर्जनवर घसरला. बाई रोज येऊन एकच विचारत, "आज किती चाललात?" उत्तर कमी आलं की बसत नसत, उभ्या उभ्या निघून जात. वडील मग रागाने आणखी एक फेरी मारत. मला वाटतं, त्या रागावर बाईंचा बराच भरवसा होता.

आता त्या भूल देत नाहीत. खांदा दुखतो म्हणतात. शिकाऊ डॉक्टरांना शिकवायला ठाण्याला जातात, तीच स्कूटर, तीच पिशवी. त्यांच्या हाताखालचा एक मुलगा मला भेटला होता. म्हणाला, त्याने परवा एका म्हाताऱ्या कोळणीला मासळीचा लिलाव कसा चालतो ते सांगायला लावलं, ती पापलेटपर्यंत आली आणि झोपली.

डिस्चार्जच्या दिवशी हॉस्पिटलचं बिल मी चुकतं केलं. बाईंचं ऑपरेशनचं मानधन त्यातच होतं. घरी तीनदा येण्याचे पैसे वेगळे. मी पाकीट काढलं. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडून नाही. घरी यायची फी पेशंट देतो, स्वतः, माझ्या घरी येऊन. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही."

"आणि नाही आले तर?"

"तर राहते. काहींची राहिलीय."

"किती जणांची?" मी विचारलं. सवय.

"ते मी मोजत नाही," बाई म्हणाल्या आणि पिशवी उचलली.

फेब्रुवारीच्या शेवटी वडील म्हणाले, "चल, बाईचं द्यायचं हाय." भाऊ म्हणाला, "खुर्चीवर उचलून नेऊ, दोघं धरू." वडील म्हणाले, "हात लावायचा न्हाय कोणी." भाऊ खालीच गाडीजवळ थांबला, मी मागून चाललो.

पहिला मजला त्यांनी सहज काढला. दुसऱ्यावर श्वास वाजायला लागला. तिथे कठड्याशी प्लास्टिकचं स्टूल ठेवलेलं होतं. समोरच्या दारात एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाईंकडे ना? बसा, काका. सगळे इथेच बसतात."

वडिलांनी त्यांचे ओठ नीट बघितले. "मी न्हाय बसत," म्हणाले, आणि कठडा धरून उभे राहिले. पुरता दम येईना. मग बसले. मी पाणी पुढे केलं, नको म्हणाले. तांदूळ निवडणाऱ्या बाई म्हणाल्या, "घाई करू नका. परवा एक जण इथे बसून अर्धा पेपर वाचून गेले." वडील उठले आणि उरलेला जिना एका दमात चढले. दम पुरा पडला असं नाही, पण मध्ये थांबले नाहीत.

बाईंनी दार उघडलं. या, बसा वगैरे काही नाही. उभ्या उभ्या मनगट धरलं, ओठांचा रंग बघितला. समोर तोंड करून विचारलं, "मध्ये बसलात?"

"न्हाय."

खालच्या मजल्यावरून तांदूळ निवडणाऱ्या बाईंचा आवाज आला, "बसले होते."

"बसायलाच ठेवलंय ते," बाई म्हणाल्या. "आत या."

वडिलांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून पैसे काढले. दुखणं सुरू झाल्यापासून त्यांच्याकडे पैसे नसत. आम्हीच सगळं बघत होतो आणि त्यांनी मागितलेही नव्हते. आज सकाळी त्यांनी आईकडून मागून घेतले होते. तीन वेळा येण्याचे तीनशेप्रमाणे नऊशे रुपये. त्यांनी पाचशेच्या दोन नोटा दिल्या. बाईंनी त्या उजेडाकडे धरून बघितल्या, ड्रॉवरमध्ये ठेवल्या आणि शंभराची नोट परत दिली. मी सवयीने हात पुढे केला. वडिलांनी माझ्या हाताकडे पाहिलं, नोट घडी केली आणि स्वतःच्या खिशात ठेवून वरून बटण लावलं.